न्यायला कोणी आलं नाही

बंगळूर, १२ जुलै १९६४

तीर्थरूप अण्णांना वसूचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन पंधरवडा झाला. पुन्हा तेच लिहिलंत, ही नोकरी सोड, क्षयाच्या रोग्यांच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. अण्णा, मी वॉर्डात जातच नाही. तीन वर्षं झाली, मी सॅनेटोरियमच्या रेकॉर्डच्या खोलीत खिडकीशी बसते. माझ्या भोवती रोगी नसतात, त्यांचे कागद असतात. आई मिरजेच्या दवाखान्यात गेली म्हणून तुमचा जीव धसकतो, हे मला कळतं. मी तेव्हा सात वर्षांची. मला तिचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. तुम्ही अठराचे होतात, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. पण खरंच, काळजी करू नका.

आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. मंगळवारी जे झालं, ते तुम्हाला सांगायचंय.

कोलारकडचा एक म्हातारा खिडकीशी आला. म्हणाला, माझी मुलगी इथं आहे, तिला बघायचंय. आमच्याकडे प्रत्येक रोग्याला नंबर असतो. त्यात भरतीचं साल, बाई की पुरुष, वॉर्ड आणि मग आकडा असं सगळं इंग्रजीत बसवलेलं असतं. तो नंबर सांगितला की फाइल मिळते, फाइल मिळाली की वॉर्डात जायची चिठ्ठी मिळते. म्हाताऱ्याकडची नंबराची चिठ्ठी पावसात विरघळली होती. त्याला मुलीचं नाव ठाऊक, गाव ठाऊक, ती किती वर्षांची ते ठाऊक, डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे तेही ठाऊक. आमचे मुख्य हयवदनराव म्हणाले, "नंबराशिवाय काही निघत नाही." नाव बघावं तर इंग्रजी स्पेलिंग ज्या कारकुनाला जसं सुचेल तसं. मीही तेच सांगितलं आणि तो गेला.

तासाभरानं परसू कारकून दुसरीच फाइल शोधत असताना ती मुलगी सापडली. अण्णा, ती तिसऱ्या वॉर्डात आहे. माझ्या खिडकीपासून पन्नास पावलांवर! मी बसपर्यंत धावत गेले. बस निघून गेली होती.

आमच्या कपाटात परदेशी संस्थेनं देणगी दिलेले कार्डांचे खोके पडून आहेत. जाड कार्डं, चारी कडांना भोकांची रांग. कोणी उघडलेही नव्हते. सोबतची पुस्तिका मी वाचून काढली. समजा, एक भोक 'बाई' असं ठरवलं. जी बाई आहे तिच्या कार्डावरचं ते भोक कात्रीनं काठापर्यंत उघडायचं. मग शंभर कार्डांचा गठ्ठा धरून त्या भोकातून विणकामाची सुई घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. बायकांची कार्डं खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पडलेल्यांत पुन्हा सुई घालायची, 'कोलारकडची' म्हणून. चार सुया घातल्या की हातात चार-पाच कार्डं उरतात. ना इंग्रजी लागतं, ना नंबर.

मी ते करणार आहे. असं करणार आहे, की ज्याला अक्षरओळख नाही त्यालासुद्धा आपलं माणूस शोधता यावं.

वहिनींना आणि मुलांना आठवण सांगा. यशवंतपूरच्या कारखान्यात यांची पाळी बदलली, दुसरं काही नवं नाही.

तुमची वसू


चिकोडी, २२ जुलै १९६४

चि. वसुमतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत मिळालं, मधल्या सुट्टीत वाचलं. त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. परंतु वसू, दवाखान्याच्या नियमांमागे काही विचार असतो. माहिती ही औषधासारखी आहे. जाणत्यानं मोजून द्यावी. कोणीही यावं, सुई घालावी आणि कुणाचंही कार्ड काढावं, हे काही मला बरं वाटत नाही. कितीतरी घरांत ह्या रोगाची गोष्ट झाकून ठेवलेली असते. मुलींची लग्नं व्हायची असतात. तू कुणाचं झाकलेलं उघडं करशील आणि तुला कळणारही नाही.

एक विचारतो. ही कार्डं तू किती सालापासूनची करणार? चालू रोग्यांपुरतीच ना? जुन्या फाइली म्हणे पाच-दहा वर्षांनी जाळून टाकतात. तुमच्याकडे तशी पद्धत आहे का, ते कळव.

आप्पाजी काकांचं वर्षश्राद्ध झालं. तुझी उणीव भासली.

नागनाथ


बंगळूर, २० सप्टेंबर १९६४

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही एवढ्या आस्थेनं विचारलंत, किती सालापासूनची करणार म्हणून! घरात दुसऱ्या कुणीच इतकं विचारलं नाही. सासूबाई नुसत्या म्हणतात, "सरी, सरी, बरं, कर काय ते." तर सांगते, आमच्याकडे एकही फाइल जाळलेली नाही. अगदी सेहेचाळीस सालापासूनच्या आहेत. आधी बायकांचा विभाग घेतलाय. चालू वर्षांची कार्डं मी केली, जुनी परसू करतोय.

भोकांवर मी अक्षरं लिहिलीच नाहीत. लाकडी चौकट करून घेतली, तिच्यावर प्रत्येक भोकासमोर चित्र चिकटवलं. भाषेसाठी चार रंग. दिशांसाठी, कोलारकडे सोन्याची खाण, म्हैसूरकडे राजवाडा, आपल्या बेळगावकडे ज्वारीचं कणीस. सोबत मूल होतं का, नवरा होता का. तारखा लोकांना आठवत नाहीत, म्हणून 'पूल वाहून गेला त्या वर्षी', 'पहिली निवडणूक झाली त्या वर्षी' असं विचारते आणि साल मी काढते. आणि शेवटचं भोक माझ्या मनाचं आहे. रिकामी बैलगाडी. 'बरी झाली, पण न्यायला कोणी आलं नाही.' त्या भोकाची कार्डं इतकी निघतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी हबकून गेले. लोक आपली माणसं इथंच विसरून जातात, अण्णा.

आमची गंगव्वा आया आहे, गोकाककडची. अंगठेबहाद्दर. तिला दोन दिवसांत जमलं. कोलारच्या म्हाताऱ्याला आम्ही गावाच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं होतं, तो आला. गंगव्वानं त्याच्याच हातात सुई दिली. त्यानं स्वतः मुलीचं कार्ड पाडलं आणि ते हातात धरूनच तो वॉर्डाकडे निघाला.

पण सगळंच असं गोड नाही. तुम्ही म्हणालात तसं झालंही. एक बाई आली, बहिणीला शोधायला. कार्ड पडलं. बहीण छप्पन सालीच वारली होती. घरच्यांना पत्र गेलेलं, सहीसुद्धा होती पोचेवर, हिच्या नवऱ्याची. आठ वर्षं तो हिला सांगत होता की बहीण अजून औषध घेतेय. ती बाई रडली नाही. कार्डाकडे बघत नुसती उभी राहिली. हयवदनराव मला म्हणाले, "बघा. सोपं केलं की असं होतं."

तरी मी थांबणार नाही. आता अठ्ठेचाळीस-पन्नासची कार्डं पुरी होत आली.

तुमची वसू


चिकोडी, ३० सप्टेंबर १९६४

चि. वसू,

माझी प्रकृती बरी नाही. छातीत धडधडतं. तू चार दिवस रजा घेऊन निघून ये. आल्यावर बोलू.

ती जुनी वर्षं सोड. त्यांतलं कोण जिवंत असणार? उकरून कुणाचं भलं होणार? मी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही. हे मागतो.

नागनाथ


बंगळूर, १७ ऑक्टोबर १९६४

अण्णा,

यायला निघाले होते. तिकीटही काढलं होतं. बुधवारी गंगव्वाला काम समजावून देत होते, माझ्या मागं तिनं खिडकी सांभाळावी म्हणून. तिला म्हटलं, एकदा एकटीनं करून दाखव, कुणालाही शोध.

ती हसली. म्हणाली, "अक्का, तुमच्या ऊरकडची, गावाकडची कोण आली होती का बघू?"

कणसाची सुई घातली. मराठीची घातली. नवरा नाही, मुलं घरी ठेवून आली, तीही घातली. सात कार्डं उरली. मग तिनं आपल्या मनानंच रिकाम्या बैलगाडीची घातली. एकच कार्ड पडलं. "ही बघा, बरी झाली. कुणी नाही आलं बिचारीला न्यायला," असं म्हणत तिनं ते माझ्या हातात दिलं.

परसूचं अक्षर. स्पेलिंग इतकं वेडंवाकडं, की आधी मला वाचताच आलं नाही. अंबोबाय. कै. रघोजी यांची पत्नी. चिकोडी. वय छत्तीस. भरती १९४८. मुलं दोन, मुलगा अठरा, मुलगी सात.

मी ते तीनदा वाचलं. मग म्हटलं, दुसरी कोणी असेल. चिकोडीत काय एकच अंबुबाई होती? परसूनं शिडीवर चढून फाइल काढून दिली. फाइलीत आमच्याकडून घरी गेलेल्या पत्राची नक्कल आहे, नोव्हेंबर १९५०: रोगी पूर्ण बरी आहे, घेऊन जावे. त्याच्याखाली टाचलेलं एक पोस्टकार्ड आहे.

"सदर बाईंचे कोणीही जवळचे नातेवाईक या पत्त्यावर राहत नाहीत."

एवढीच ओळ. खाली सही नाही. सहीची गरजही नाही, अण्णा. 'ळ'ची गाठ अशी कोण काढतं? ह्याच हातानं माझा हात धरून मला पाटीवर 'ळ' गिरवायला शिकवलंय.

गंगव्वा विचारत होती, "काय झालं अक्का, बरोबर पडलं ना?" मी म्हटलं, "बरोबर पडलं."

मिरज कुठून आली? कोण गेलं मिरजेत? दरवर्षी मी कुणाच्या नावानं पान वाढलं?

तिकीट फाडलं. मी येत नाही. लिहून कळवा.

वसुमती


चिकोडी, २९ ऑक्टोबर १९६४

वसू,

आठ वेळा लिहून फाडलं. आता हे जसं होईल तसं पाठवतो.

आई मिरजेला गेलीच नाही. मिरजेत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून आप्पाजी काकांनी तिला थेट बंगळूरला नेऊन ठेवलं. वर्षभरानं त्यांनी गावात सांगितलं की ती गेली. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "क्षयाच्या घरात मुलगी कोण देतो? आणि ह्या घरातली मुलगी कोण करून घेतो? ती काही परत येत नाही. आज काय, उद्या काय." मलाही वाटलं, येत नाही. मग ते पत्र आलं, पूर्ण बरी आहे. काका हादरले. दिवस घातलेल्या बाईला परत कशी आणायची? त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वीस वर्षांचा होतो, हे मी आजवर स्वतःला सांगत आलो. वीस वर्षांच्या माणसाला 'नाही' लिहिता येतं, तर 'आहे' पण लिहिता येतं.

ह्याहून वाईट पुढं आहे. फेब्रुवारी एक्कावनमध्ये ती स्वतः आली. निपाणीच्या गाडीतून उतरली. कुणीतरी काकांना सांगितलं आणि त्यांनी मला स्टँडवर पाठवलं, तिथूनच परत लाव म्हणून. मी तिला ओळखलं नाही, इतकी ती बरी दिसत होती. चहा घेतला तर तिनं हॉटेलचा कप घेतला नाही, पिशवीतून स्वतःचं भांडं काढून पुढं केलं. मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "वसू केवढी झाली?" मी हातानं उंची दाखवली. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिचं लगीन होईस्तोवर मी मेलेलीच बरी. झालं की सॅनेटोरियमच्या पत्त्यावर पत्र टाक. मी तिथं विचारत जाईन." मी शपथ घेतली. ती त्याच गाडीनं परत गेली.

आणि वसू, मी पत्र टाकलं. तुझं लग्न झालं त्याच महिन्यात, मे साठ. काकांना न सांगता. तुला बंगळुरातच दिली, चिकपेठेत, हे लिहिलं, तुझ्या सासरच्या दुकानाचा पत्ता लिहिला. नंबर मला माहीत नव्हता. नुसतं नाव लिहिलं. उत्तर आलं नाही. वर्ष वाट पाहिली आणि समजलो की ती गेली. खरं सांगू? रडलो, आणि हलकंही वाटलं. आता कुणाला काही सांगायला नको, असं वाटलं.

मग तू त्याच इमारतीत नोकरी धरलीस. तेव्हापासून तुझं प्रत्येक पत्र मी दार लावून उघडतो.

माझी बाजू मांडत नाही. तिचं पुढं काय झालं ते फाइलीत असेल तर मला कळव.

नागनाथ


बंगळूर, २३ नोव्हेंबर १९६४

अण्णा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी हयवदनरावांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं, नावानं आलेली, नंबर नसलेली पत्रं कुठं जातात? त्यांनी कपाटाखाली बोट दाखवलं. पत्र्याची पेटी. दोनशेच्या वर पत्रं, एकही उघडलेलं नाही. नियम तसाच आहे, रोग्याचं पत्र दुसऱ्यानं उघडायचं नाही आणि नंबर नसला तर द्यायचं नाही. मी जमिनीवर बसून एकेक बघत गेले. तुमचं पत्र वरच्या थरातच होतं. मे साठचा शिक्का. मी तिथं नोकरीला लागण्याआधीपासून ते माझ्या खुर्चीमागे होतं. माझा पत्ता आत घालून.

हयवदनरावांना मी कार्ड, पोस्टकार्ड, पाकीट, तिन्ही दाखवलं आणि ही माझी आई असं सांगितलं. त्यांनी पाकिटावरचा शिक्का दिव्याजवळ धरून वाचला. म्हणाले, "मी नियम पाळला." पुन्हा म्हणाले, "मी नुसता नियम पाळला हो, वसुमती." त्यांचा चेहरा मला बघवेना.

फाइलीच्या शेवटच्या पानावर होतं, मे १९५१, मेट्रनबाईंच्या ओळखीनं आनेकलला रवाना, रेशमाच्या कामावर. म्हणजे पत्ताही होता. फक्त नंबर असलेल्या माणसासाठी होता.

रविवारी मी आणि हे बसनं आनेकलला गेलो. बस थांबते तिथंच एका दुकानदाराला विचारलं, मराठी अंबुबाई कुठं राहतात? तो म्हणाला, "कोष उकळतात त्या शेडच्या मागं." जिवंत आहे का, हे विचारायचा मला धीर झाला नव्हता. त्यानं 'राहतात' म्हटलं आणि ह्यांनी माझा दंड धरून मला त्या वाटेला लावलं.

दार तिनंच उघडलं. बारीक आहे, ताठ आहे. बोटं उकळत्या पाण्यानं पांढरी पडलेली. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला ओळखलं. वसू म्हणून नाही, अण्णा. ती कन्नडात म्हणाली, "बाई, तुम्ही? इतक्या लांब? माझं पत्र आलं का?"

मला काही कळेना. मग कळलं. ती दर संक्रांतीनंतर सॅनेटोरियमला येते. बारा वर्षं. नंबराची चिठ्ठी कधीच हरवलेली. खिडकीशी उभी राहते, चिकोडीहून पत्र आलंय का विचारते, खिडकीतला माणूस नंबर विचारतो, ती परत जाते. ह्यातली शेवटची तीन वर्षं खिडकीत मी होते. ती कन्नडात बोलली, मी कन्नडात उत्तर दिलं. तिसऱ्या खेपेला मी तिला म्हणे पाणी दिलं होतं आणि सांगितलं होतं, "अम्मा, नंबराशिवाय पुन्हा येऊ नका, उगीच चालणं होतं तुमचं."

तिला ते शब्दन्‌शब्द आठवतात. मला ती आठवत नाही. इतके दिवस झाले, मी डोकं आपटून आठवतेय. तीन वेळा माझी आई हातभर अंतरावर येऊन उभी राहिली आणि मला तिचा चेहराच आठवत नाही.

मी म्हटलं, "आलंय पत्र." ती म्हणाली, "स्वल्प थांबा," आणि आत जाऊन हात धुऊन आली. मी पाकीट फोडून वाचायला लागले. मराठी ऐकल्यावर तिनं मान वर केली. 'वसूचं लग्न झालं,' इथं तिनं डोळे मिटले. चिकपेठ म्हटल्यावर एकदम म्हणाली, "पेठेत? इतक्या जवळ? चार वर्षं?" मग माझा हात धरून मराठीत, "बाई, तुमच्या पाया पडते. तिला लांबून दाखवाल का? मी बोलणार न्हाई. सासरच्यांना कळायचं न्हाई."

मी पत्र खाली ठेवलं. हेच म्हणाले, "आई, तीच वाचतेय."

पुढचं लिहीत नाही. तिनं आधी मला लांब ढकललं, दोन्ही हातांनी. तोंडावर पदर धरला आणि ओरडली, "जवळ येऊ नको, जवळ येऊ नको." तेरा वर्षं बरी आहे, अण्णा. तेरा वर्षं तिला खोकला नाही.

ती आमच्याकडे राहायला यायला तयार नाही. रविवारी मी जाते. सासूबाईंना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाडवांचा डबा भरून दिला.

कामाचंही सांगते. मला वाटलं होतं हयवदनराव आता चौकट मोडायला सांगतील. सोमवारी ते स्वतः परसूला घेऊन टेबल बाहेर व्हरांड्यात लावत होते. पेटीतल्या पत्रांवरची नावंगावं बघून आम्ही सुया घालतोय. साठ-एक माणसं सापडली. त्यांतली निम्मी आता नाहीत. ते निरोप मी स्वतः लिहिते. माहिती मोजून द्यावी, असं तुम्ही लिहिलं होतं. मोजायचं कुणी, ते मात्र लिहिलं नव्हतं.

तुमच्यावर रागवायला मला तोंड नाही. तुम्ही एकदा तिला परत पाठवलंत, मी तीनदा.

वसू


चिकोडी, २ डिसेंबर १९६४

वसू,

ती जिवंत आहे, हे वाचलं आणि मी वर्ग अर्धवट सोडून घरी आलो.

नाताळच्या सुट्टीत मी येऊ का? तिला विचार. ती 'नको' म्हणाली तर तसंच लिही, बदलू नकोस.

नागनाथ


आनेकल, १३ डिसेंबर १९६४
(आई सांगते तसं लिहितेय. मी एक शब्द घातलेला नाही, एक गाळलेला नाही. – वसू)

नागू, तुला आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं वसूनं वाचून दाखवली. साठ सालचं चार वेळा वाचायला लावलं. तू शब्द पाळलास म्हणायचं. पत्र पेटीत पडून राहिलं, त्याला तू काय करशील.

त्या पोस्टकार्डाचं मला माहीत होतं. मेट्रनबाईनं तेव्हाच वाचून दाखवलं होतं. म्हणून तर मी गाडीत बसून आले. वाटलं, पोराला कुणीतरी दाबलंय, मला बघितलं की म्हणेल चल घरी. तू चहा पाजलास. बरं केलंस, लई भूक लागली होती.

माझा राग न्हाई असं लिही म्हटलं तर वसू म्हणते, खरं असेल तरच लिहिते. तर ते ऱ्हाऊ दे. माझं उत्तर आलं न्हाई तर तू समजलास मी मेले. माझं सोड, मी बाईमाणूस, हाताला काम होतं. तू शिकलेला, तुला वरसाला दोन सुट्ट्या. एकदा येऊन का रे बघितलं न्हाईस?

ये म्हणायच्या आधी एक विचारते. तुझी तीन पोरं हायेत, वसूनं नावं सांगितली. थोरली म्हणं माझ्यासारखी दिसती. त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंयस? बायकोला काय सांगितलंयस? गावात अजून माझं पान वाढता का?

आधी घरी सगळ्यांना बसवून खरं सांग. शाळेत सांग. ज्यांनी ज्यांनी माझ्या दिवसाला जेवण केलंय, त्यांच्या दारात जाऊन सांग. लगीन आता व्हायचं कुणाचं ऱ्हायलं न्हाई, की झाकायला काय कारण असावं. पोरींची व्हायची म्हणशील, तर ज्याला खरं सांगून पोर खपत न्हाई, त्या घरात देऊ नको.

हे सगळं करून झालं की पोरांना घेऊन ये. नुसता तू चोरून येणार असशील तर येऊ नको. तेरा वरसं मी मेलेली म्हणून जगले, वसूसाठी. आता नातवंडांच्या पुढं मेलेली बाई म्हणून बसणार न्हाई.

अंबुबाई